काकांचे डबे, दीड हजार डाईम आणि एक प्रश्नचिन्ह

२०२५ च्या ऑक्टोबरात चांदीने औंसाला ५० डॉलर ओलांडले तेव्हापासून आमच्या मराठी मंडळातल्या चार-पाच जणांचे फोन येऊन गेले. कुणाच्या सासऱ्यांची बरणी, कुणाच्या घरमालकीणबाईंनी जाताना दिलेली पिशवी. सगळ्यांचा प्रश्न एकच: "तुम्ही काकांची चांदीची नाणी कशी विकलीत?" आधीच कबूल करते, आम्ही ती वर्षभर आधी, भाव ३० च्या आसपास असताना विकली. त्यामुळे श्रीमंत होण्याचा सल्ला माझ्याकडे नाही. पण काय करावं लागतं, कुठे हात पोळतात, किती दिवस लागतात, हे मात्र सांगता येईल.

काका गेले फेब्रुवारी २०२४ मध्ये. १९६२ साली ते न्यूअर्कला शिकायला आले आणि मग न्यू जर्सीतच राहिले. सप्टेंबरमध्ये काकूने घर विकून लहान फ्लॅटमध्ये जायचं ठरवलं, म्हणून आम्ही तळघर उपसायला घेतलं. घर गरम करणाऱ्या भट्टीच्या मागे कॉफीचे दोन पत्र्याचे डबे होते. पहिला उचलायला गेले तर हाताला असा काही हिसका बसला की मला वाटलं खिळे भरलेत. झाकण उघडलं तर आत डाईम. म्हणजे अमेरिकेतली दहा सेंटची नाणी, आपल्या जुन्या दहा पैशांपेक्षाही लहान, पातळ. वर रबर लावलेली एक छोटी वही आणि पुठ्ठ्याच्या चौकटीत बंद केलेलं एकच नाणं. चौकटीवर काकांच्या अक्षरात लिहिलेलं: "१९१६ डी. खरा?"

वही वाचून उलगडा झाला. काका तेव्हा एका लॉन्ड्रोमॅटच्या, म्हणजे यंत्रात नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानाच्या, वरच्या खोलीत राहायचे. मालकाशी दोस्ती होती, रविवारी संध्याकाळी यंत्रांच्या पेट्या रिकाम्या करून नाणी मोजायला ते खाली जायचे. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने डाईममधली चांदी काढून टाकली. १९६४ सालापर्यंतच्या डाईममध्ये ९० टक्के चांदी. त्यानंतरच्यात तांब्याचा गाभा आणि वरून तांबं-निकेलचा पत्रा. दोन्हींची किंमत दुकानात दहा सेंटच. मग लोकांनी चांदीची घरात ठेवली आणि नवी खर्चली. वाईट पैसा चांगल्या पैशाला बाजारातून हुसकतो, हे शाळेत अर्थशास्त्रात घोकलेलं वाक्य काकांनी लॉन्ड्रोमॅटच्या तळघरात बसून वापरलं. आपल्या खिशातले नवे डाईम द्यायचे, पेटीतले जुने घ्यायचे. "रवि. ९ मिळाले." "रवि. १४." "रवि. पाऊस, ३ च." अशा नोंदी १९६६ पासून १९६९ पर्यंत. पुढे पुढे तीन, दोन, एक. चांदीची नाणी चलनातून कशी आटत गेली ते त्या आकड्यांत दिसतं.

काकूला हे माहीतच नव्हतं. तिचं लग्न १९७० चं.

पहिला शहाणपणा मी केला तो इथेच सांगून टाकते. त्याच संध्याकाळी वरची दहा-बारा काळपट नाणी घेतली आणि देवाची भांडी घासतो तशी चिंच-मिठाने लख्ख घासली. काकू खूश, मी खूश. जुन्या नाण्याला कधीही घासायचं नसतं, हे मला दोन दिवसांनी वाचून कळलं. वर्षानुवर्षं चढलेला तो करडा-निळसर थर संग्राहकाला हवा असतो, आणि घासल्यावर राहिलेल्या बारीक ओरखड्यांनी नाणं "साफ केलेलं" म्हणून लगेच ओळखू येतं. चांदीच्या भावाला फरक पडत नाही, पण हौसेचा भाव उतरतो. त्या बारांत एक १९२१ चं होतं, कमी मिळणाऱ्या सालाचं. साल मी घासून झाल्यावर बघितलं!

पुढच्या शनिवारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून वेगळं करायला बसलो. जवळ होतं ते असं: दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा १८ डॉलरचा काटा, एक भिंग, आणि काकूच्या दोन पराती. खरं तर काट्याची फारशी गरज पडली नाही. पन्नास-पन्नास नाण्यांची चळत आडवी टेबलावर ठेवा आणि कडेकडून बघा. चांदीची कड सलग पांढरी दिसते. नव्या नाण्याच्या कडेला तांब्याची लालसर रेघ असते. पन्नासांत एक घुसलेलं असेल तरी डोळ्यात भरतं. लोहचुंबक आणू नका, दोन्हींपैकी एकही चिकटत नाही. वजनाचा फरकही आहे: चांदीचं नवं असताना २.५ ग्रॅम, साधं २.२७. पण झिजलेलं चांदीचं नाणं २.४ पर्यंतही उतरतं, म्हणून शंका आली तरच काटा.

काकूची पद्धत याहून जुनी. ती फरशीवर नाणं टाकायची. चांदीचं लांबट किणकिणायचं, दुसरं बद्द वाजायचं. "आमच्याकडे बाजारात रुपया वाजवूनच घ्यायचे," म्हणाली. पहिल्या शंभरांत तिची एकही चूक झाली नाही.

एकूण नाणी १,६४०. त्यात २१२ साधी निघाली, ती बहुधा नंतर कधीतरी सुट्टे म्हणून डब्यात पडली असावीत. उरली १,४२८ चांदीची. दर्शनी किंमत १४२ डॉलर ८० सेंट.

मग त्यातही तीन पिढ्या. सगळ्यात जुनी १९ नाणी बार्बर डाईम, टांकसाळीचे मुख्य खोदकार चार्ल्स बार्बर यांनी घडवलेली, १८९२ ते १९१६. इतकी झिजलेली की दहा-बारांची सालंसुद्धा नीट लागेनात. त्यानंतरची ३३१ ज्यांना सगळे मर्क्युरी डाईम म्हणतात, १९१६ ते १९४५. गंमत म्हणजे त्यावर मर्क्युरी देव नाहीच. ती टोपीला पंख लावलेली स्वातंत्र्यदेवी आहे, अॅडॉल्फ वाइनमन यांनी केलेली. लोकांनी पंख बघून रोमन देवाचं नाव लावलं आणि ते कायमचं चिकटलं. मला विचाराल तर अमेरिकेचं इतकं देखणं छोटं नाणं दुसरं नाही. मागच्या बाजूला काठ्यांची मोळी आणि कुऱ्हाड, भोवती ऑलिव्हची फांदी. मोळीला बांधलेले मधले आडवे पट्टे पूर्ण सुटे दिसले तर भाव वाढतो. आमच्या एकाही नाण्याचे दिसत नव्हते. लॉन्ड्रीच्या यंत्रांतून फिरलेली नाणी ती.

बाकी १,०७८ रूझवेल्ट डाईम. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९४५ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा चेहरा डाईमवर आला. डाईमच का, तर त्यांना पोलिओ झाला होता आणि पोलिओविरुद्धची वर्गणी लोकांनी दहा-दहा सेंटांनीच जमवली होती. मानेखाली घडवणाऱ्या जॉन सिनॉक यांची आद्याक्षरं आहेत, 'जेएस'. ती जोसेफ स्टालिनची आहेत अशी अफवा तेव्हा उठली होती म्हणे.

तीन संध्याकाळी भिंग घेऊन सालं बघण्यात गेल्या. डोकं असं चालतं की प्रत्येक नाणं आता लाखाचं निघेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत १८९४ मध्ये फक्त २४ डाईम पाडले गेले, हे वाचल्यावर तर काकूसुद्धा बार्बरच्या झिजलेल्या चकत्या उन्हात धरून बघायला लागली. असलं काही निघत नसतं. १९५५ चे रूझवेल्ट डाईम कमी पाडले गेले होते हे वाचून मी आनंदले, मग कळलं की लोकांनी ते तेव्हाच जपून ठेवले, त्यामुळे आज मुबलक आहेत. आणि १९६४ च्या सालाचे तर दोनशे कोटींहून जास्त पाडले गेले. आमच्याकडे तेच सर्वांत जास्त.

थोडक्यात, १,४२८ पैकी १,४२६ नाण्यांना फक्त चांदीचा भाव. याला इथले व्यापारी सरळ 'जंक सिल्व्हर', म्हणजे भंगार चांदी, म्हणतात. काकूला शब्द लागला. "जंक काय? शुद्ध मेहनत आहे ती ह्यांची."

भावाचं गणित समजून घ्या, कारण दुकानात ते झपाट्याने बोलतात. चांदीचा भाव ट्रॉय औंसावर, म्हणजे ३१.१ ग्रॅमवर चालतो. दर्शनी एक डॉलरच्या जुन्या नाण्यांत, झीज धरून, ०.७१५ औंस चांदी मानतात. दहा डाईम घ्या किंवा चार क्वार्टर (पंचवीस सेंटची नाणी), हिशोब तोच. व्यापारी 'पट' सांगतो. 'वीस पट' म्हणजे दहा सेंटच्या डाईमला दोन डॉलर. चांदी ३० डॉलर असेल तर ३० गुणिले ०.७१५, म्हणजे साडेएकवीस पट ही त्या नाण्याची वितळलेली किंमत. व्यापाऱ्याने वीस पट दिले तर तो साधारण सात टक्के स्वतःकडे ठेवतोय. हे गणित फोनवर करून मगच दुकानात पाऊल टाका. काकूला औंस समजेनात, तेव्हा मी तोळ्यात सांगितलं: विकायला काढलेल्या १,४०० डाईममधली चांदी म्हणजे पावणेतीनशे तोळ्यांच्या जरा आत. तिच्या माहेरचे राणीछाप रुपये तोळ्याला एक भरायचे, त्यामुळे तिचं चित्र एकदम स्पष्ट झालं.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात विचारपूस सुरू केली. मॉलमधल्या सोनं घेणाऱ्या एका टपरीवर माणसाने नाणी न बघताच नऊशे डॉलर सांगितले. ओक ट्री रोडवरच्या, म्हणजे इथल्या देशी बाजारातल्या, एका सराफाने चहा पाजला, पण नाणी गाळावी लागतील म्हणत चांदीच्या भावाच्या सत्तर टक्क्यांवरच अडून बसला. नाण्यांच्या दोन दुकानांनी मात्र लगेच 'पट'मध्ये बोलायला सुरुवात केली. एक म्हणाला एकवीस, दुसरा साडेबावीस. चांदी तेव्हा ३४ डॉलरवर होती. साडेबावीस पटीने १,४०० नाण्यांचे ३,१५० होत होते. मी गाडीत बसूनच काकूला फोन केला.

"अगं, दिवाळी दहा दिवसांवर आलीये. लक्ष्मीपूजनाआधी घरातली चांदी बाहेर काढतात का कुणी?"

मी म्हटलं, "काकू, भाव खाली येईल."

"येऊ दे."

आला. आम्ही लक्ष्मीपूजनाला एकवीस डाईम चौरंगावर मांडले (त्यात माझे चिंचेने घासलेलेही होते, ते छान चमकत होते) आणि १६ नोव्हेंबरच्या शनिवारी त्याच दुसऱ्या दुकानात गेलो तेव्हा चांदी ३० च्या जवळ आली होती. भाव मिळाला वीस पट. ३५० डॉलरची पूजा झाली, असं मी अजून चिडवते.

दुकानातला प्रकार असा. ड्रायव्हिंग लायसन्स मागितलं, त्याची नोंद केली, एका फॉर्मवर सही. माझी नाही, काकूची. नाणी तिच्या मालकीची आहेत. मृत्युपत्राची व्यवस्थापक तीच, त्यामुळे न्यू ब्रन्सविकच्या सरोगेट कोर्टातून (मृत्युपत्रांची कामं बघणारं कोर्ट) काढलेलं प्रमाणपत्र मी बरोबर नेलं होतं. पाच डॉलरला एक प्रत मिळते, घर आणि बँकेसाठी काढतानाच दोन जास्तीच्या काढून ठेवा. इथे कुणी ते बघितलं नाही, पण पुढे हिशोबाला उपयोगी पडलं. म्हाताऱ्या दुकानदाराने नाणी मूठमूठ काढून कडा बघितल्या, मग मोजायच्या यंत्रात ओतली. यंत्राने १,४०० दाखवले आणि मी सुटकेचा श्वास टाकला, कारण घरी आम्ही तीनदा मोजून तीन वेगळे आकडे आले होते. मग सगळ्यांचं वजन, आमच्या समोर. काट्यावर राज्याच्या तपासणीचं स्टिकर आहे का ते बघून घ्या.

बार्बर त्याच भावात गेले. १९२१ च्या नाण्याला तो भिंगाखाली जेमतेम दोन सेकंद बघत होता. "घासलंय कुणीतरी." मी वहीत काहीतरी शोधत असल्यासारखं केलं. नाहीतर चाळीस दिले असते, आता पंचवीस. चेक २,८२५ डॉलरचा. रोख घेऊ नका. चेक असला की कागद आपोआप तयार होतो.

कर हा भाग मला सगळ्यात घाबरवत होता. नाण्यांच्या नफ्यावर केंद्राचा कर संग्रहाच्या वस्तूंच्या दराने, जास्तीत जास्त २८ टक्के. पण वारशाने आलेल्या वस्तूची मूळ किंमत म्हणून काकांनी दिलेले दहा सेंट धरत नाहीत, त्यांच्या मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरतात. आमच्या सीपीएने, म्हणजे इथल्या सीएने, म्हणून एवढंच मागितलं: त्या तारखेचा चांदीचा भाव छापलेला एक कागद, दुकानाची पावती, आणि नाण्यांची मोजदाद. फेब्रुवारी २०२४ मध्ये चांदी तेवीसच्या आत होती. म्हणजे नफा पाचशे डॉलरच्या आसपास, आणि काकूचं उत्पन्न कमी असल्याने दरही कमीच लागला. त्या एका कागदासाठी मी तीन रात्री झोपले नव्हते. भाव त्याच दिवशी छापून ठेवा, नंतर शोधत बसायला नको.

राहिलं पुठ्ठ्यातलं नाणं.

१९१६ हे मर्क्युरी डाईमचं पहिलं वर्ष. फिलाडेल्फियात त्या वर्षी दोन कोटींवर पाडले गेले, डेन्व्हरमध्ये फक्त २,६४,०००. डेन्व्हरचं असेल तर मागच्या बाजूला, डावीकडे खाली, बारीक 'डी' असतो. या एका अक्षराने साध्या झिजलेल्या नाण्याचे शेकडो डॉलर होतात. म्हणूनच साध्या १९१६ ला 'डी' चिकटवण्याचा धंदा फार जुना. काकांच्या वहीत शेवटच्या पानावर नोंद होती: "१९७१. १९१६ डी, एका प्रदर्शनात, ३५ डॉ." तेव्हाही हा भाव संशय येण्याइतका स्वस्त होता. चौकटीवरचं प्रश्नचिन्ह त्यांनी लगेच लिहिलं की घरी येऊन, कोण जाणे.

दुकानदाराने भिंगातून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, मी हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही, पाठवा. पीसीजीएस आणि एनजीसी या अशा तपासणीतल्या दोन मोठ्या कंपन्या. खरं असेल तर नाणं दर्जा देऊन प्लास्टिकच्या बंद पेटीत परत येतं. स्वतः पाठवायचं तर सभासद व्हावं लागतं, त्यापेक्षा त्यांचा मान्यताप्राप्त दुकानदार गाठणं एका नाण्याला परवडतं. आम्ही १२ डिसेंबरला दिलं. फी, हाताळणी आणि विम्यासकट टपाल मिळून ८६ डॉलर. निकाल काहीही लागो, फी परत मिळत नाही, हे फॉर्मवर लिहिलेलं असतं; ती ओळ वाचून सही करा.

मग दहा आठवडे. काकूने त्या काळात एकदाही विचारलं नाही, पण मी गेले की दाराच्या पेटीतली टपालं टेबलावर पसरलेली असायची. मी मात्र रोज रात्री फोनवर नंबर टाकून बघायचे. 'मिळालं', 'प्रक्रियेत', 'प्रक्रियेत', 'प्रक्रियेत'. आत्याचा पुण्याहून दर रविवारी फोन: "काय गं, निघालं का घबाड?"

२१ फेब्रुवारीला दुकानातून बोलावणं आलं. पेटी नव्हती. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत नाणं आणि वर चिठ्ठी: टांकसाळीचं चिन्ह बदललेलं. दुकानदाराने मग मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवलं. खऱ्या 'डी' च्या मुळाशी धातू नाण्याच्या पृष्ठभागातूनच वर आलेला असतो. इथे अक्षराच्या पायाशी केसाएवढी काळी रेघ होती, फरशीवर ठेवलेल्या पाटाखाली दिसते तशी.

काकूच्या नव्या फ्लॅटवर गेले. ती भाजी निवडत होती. चिठ्ठी वाचून दाखवली. तिने हात पुसले, पिशवीतून नाणं काढलं आणि ओट्यावर टाकलं. लांबट, स्वच्छ किणकिणलं.

"चांदी खरीच आहे की."

"हो, नाणं खरंच आहे. डी तेवढा खोटा."

"पस्तीस डॉलर," ती म्हणाली. "एकाहत्तर साली. आणि मी तेव्हा एका कोटासाठी ह्यांच्याशी आठवडाभर भांडत होते, तो पस्तीसचाच होता." मग फ्रीजवरचं पेन घेतलं, नाणं काकांच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत परत बसवलं, आणि त्यांच्या "खरा?" च्या खाली, तेवढ्याच बारीक अक्षरात लिहिलं: "नाही."